रुमालाखालचा भाव

वडील आता कोकणात आत्याच्या घरी असतात. त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. दर पंधरवड्याला गावच्या पंतोजीकडून ते मला कार्ड लिहवून घेतात, आणि त्यात गाईच्या, आंब्याच्या, आत्याच्या गुडघ्याच्या बातमीआधी एकच प्रश्न असतो: कोणाची पाटी आली? मी उत्तर लिहितो. पण कार्डावर लिहिण्यासारखे ते नसते. गिरगावातल्या आमच्या पाट्यांच्या दुकानात आता मी एकटा बसतो. गिऱ्हाइकाने पायरीवर पाय ठेवून "किती पडेल?" म्हटले की अजून माझी मान आपोआप मागे वळते. मागच्या भिंतीशी ते बसत. उत्तर ते देत.

पाटी रंगवून घ्यायला येणारा माणूस पहिल्या श्वासात भाव विचारतो. नाव नंतर सांगतो, धंदा त्याहून नंतर. मला याची चीड होती आणि आहे. मुलाच्या मुंजीत वाजंत्र्याला मंदील बांधतील, व्याह्याच्या पुढ्यात तूप ओततील, आणि ज्या फळीवर उभ्या जन्माची भाकर लटकायची तिच्यासाठी आण्याआण्यावरून पायरी अडवून बसतील! असे काही मी बोललो की वडील म्हणत, "त्याला दुसरं काय विचारायचं ते ठाऊक नाही, म्हणून भाव विचारतो. आपण त्याला विचारावं."

आणि ते विचारत. भाव सोडून सगळे विचारत. पाटी कोण वाचणार? पायी जाणारा की गाडीतला? ऊन सकाळचे की दुपारचे? किती वर्षे टिकवायची?

परळहून एक खाणावळवाली आली होती. गिरणीतल्या वीस-पंचवीस माणसांना ती जेवू घालीत असे. कमरेला हात लावून म्हणाली, "ओ रंगवाले, चार आण्यात होईल का बोला. नाहीतर मी चालले."

"होईल की," वडील म्हणाले.

ती बिचकली. तिला भांडायचे होते.

"पण बाई, तुमच्या जेवणाऱ्यांना वाचता येतं?"

"दोघांना येतं. त्यातला एक उधारी ठेवतो."

"मग अक्षरं कशाला घेता? ताट काढून देतो. ताटात भात, वाटीत कालवण, बाजूला मासा. लांबून कळेल."

"माशाचे किती?"

"मासा तुमच्यातर्फे."

ती इतकी हसली की पायरीवर बसावे लागले. दहा आण्यांना ती पाटी गेली, आणि पुढे चार महिने दर सोमवारी सुक्या बोंबलाची पुडी आमच्याकडे येत राहिली. चार आण्याचे दहा आणे झाले ते तिला कळले नाही असे नाही. तिला चांगले कळले. पण दहा आण्यांत काय मिळते ते तिने आधी डोळ्यांनी पाहिले होते. वडील दुकानाच्या फरशीवर खडूने पाटी पूर्ण मापाची काढून दाखवत. हे एवढे चार आण्यांत, हे सहात, हे दहात. भाव ते कधी उतरवत नसत, काम उतरवत. अक्षराची सावली काढून टाकत, रंगाचा एक हात कमी करत, सागवानाच्या जागी देवदार सुचवत. आणि उतरवलेले काम फडक्याने फरशीवरून पुसत तेव्हा बहुतेक गिऱ्हाइके "राहू द्या, राहू द्या" म्हणत पुढे होत.

मला हे पटत नसे. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि आम्ही चार मित्र मिळून हस्तपत्रके छापत होतो. दारूवर एक, हुंड्यावर दोन. चौथे लिहायला घेतले होते ते दलालांवर. रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवायचा आणि ज्याचा माल त्यालाच कळू द्यायचा नाही, ही जी बाजारातली रीत, तिच्यावर. मी वडिलांना म्हणत असे, "दर लिहून लावा. अक्षराला इतके. सगळ्यांना एक. मग कोणी तोंड उघडणार नाही."

"तोंड उघडलं नाही तर मला कळणार कसं त्याला काय हवंय ते?"

"काय हवंय? स्वस्त हवंय!"

"ते तर मलाही हवं असतं, बाजारात गेल्यावर," ते म्हणत आणि कुंचला धुवायला घेत.

त्या वर्षी माघात त्यांना बारीक अक्षर दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या नावाखालच्या पदव्या, वेळा, पत्ते मी लिहू लागलो. ते फक्त मोठी अक्षरे घेत. मी त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी दिव्यापुढे बसवून दोन्ही डोळे पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, हा मोतीबिंदू नव्हे, याला शस्त्र नाही. पावसाळा संपता संपता उजेड-अंधार कळेल, एवढेच उरेल.

मी हे वडिलांना सांगितले. मी कोणापासून काही झाकून ठेवणारा नव्हतो, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्यांनी हातातला कुंचला फडक्याने पुसून ठेवला. ट्रामचे घोडे दारावरून गेले. मग म्हणाले, "पावसात तेलाचा रंग वाळत नाही. म्हणजे माझ्यापाशी ज्येष्ठापर्यंतच आहे." आणि मग, लाजल्यासारखे: "एखादी मोठी पाटी यायला हवी. बारा हातांची. हातभर उंच अक्षर. तसं अक्षर मला अजून दिसतं रे. एकदा तसं लिहिलं म्हणजे झालं."

सबंध आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेले मला एवढेच आठवते. मोठ्या पाट्या आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांत एखादी येई. मी देवाला मानत नाही, पण त्या दिवसांत दुकानापुढे कोणी छत्री मिटून थांबले की मी मनात हात जोडी.

चैत्रात तसे दोघे आले. लालबागेस धान्य-तुपाचे नवे दुकान निघत होते. दुकान पुतण्याचे, तिशीतला, गोरटेला, बोलताना पागोटे चाचपणारा. पैसा काकांचा. काकांनी उभा जन्म कापसाच्या बाजारात दलाली केलेली. त्यांनी दुकानात शिरताच छपराकडे, फरशीकडे आणि वडिलांच्या धोतराकडे पाहिले, म्हणजे आमची किंमत करून घेतली.

"बारा हात," पुतण्या म्हणाला. "दर्शनी भिंत सबंध."

वडिलांचा हात मांडीवर हलला. मी पाहिला.

"किती?" काकांनी विचारले.

वडिलांनी नेहमीचे प्रश्न विचारले. पुतण्या उत्साहाने सांगू लागला, गिरणी सुटली की एवढा लोंढा जातो, समोर लोहाराचे दुकान आहे, तिथून दिसले पाहिजे. काकांनी त्याला मधेच तोडले. "पोरा, तू पाटी विकत घेतोस की त्यांना जागा भाड्याने देतोस? किती ते बोला हो."

"सागवान, तीन हात रंग, अक्षराला सावली. पंचवीस रुपये."

"पंधरा."

"पंधरात देवदार येईल. सावली नाही. दोन पावसाळे."

"पंधरात सागवान."

"शेठ, सागवान मी पिकवत नाही."

"मग पिकवणाऱ्याकडे जाऊ." काका उठले नाहीत. उठायचे नसते तेव्हाच ते असे बोलत असावेत.

इतके झाल्यावर मी छापखान्यात गेलो, कारण दलालांवरचे पत्रक त्या दुपारी मिळायचे होते. जाताना मनात एकच होते, की काम जाऊ नये. पाऊण तासाने ओल्या शाईचा गठ्ठा काखेत मारून परतलो. डोक्यात माझीच वाक्ये घुमत होती. पायरी चढतो तो काय पाहतो! काका भिंतीला टेकून, खाली मान घालून पान जमवीत आहेत, आणि पुतण्या वडिलांच्या पुढ्यात सरकून बसला आहे. दोघांचे उजवे हात त्याच्या खांद्यावरच्या रुमालाखाली. वर पुतण्या मोठ्याने म्हणतो आहे, "पंधराच्या वर छदाम नाही, सांगून ठेवतो," आणि रुमाल हलतो आहे.

माझ्या वडिलांना, अर्धवट आंधळ्या माणसाला, माझ्या दुकानात, माझ्या काखेत ते पत्रक असताना, बोटे दाबून नागवतात!

"हे काय चाललंय?" मी ओरडलो. "भाव तोंडानं बोलायचा! इथं कापसाचा बाजार नाही!"

वडील म्हणाले, "थांब." एवढेच. मी थांबलो नाही. मी रुमाल ओढला.

पुतण्याच्या मुठीत वडिलांची पाचही बोटे होती. ती सोडायचे त्याला सुचले नाही. काकांचे पान अर्ध्यावर राहिले. ज्या माणसाने चाळीस वर्षे रुमालाखाली भाव वाचले त्याला उघडा हात वाचायला किती वेळ लागणार?

"पाच?" काका म्हणाले. "मी पंधरा बोललो. वर पाच कोणाचे?"

पुतण्याने आता मूठ सोडली.

"तुझे? वेगळे ठेवलेस? कुठून रे? माझ्या तिजोरीतून की सासऱ्याच्या?"

"काका, माझं पहिलं दुकान आहे—"

"दुकान पहिलं आणि चोरीही पहिलीच, की त्याआधीच्या काही आहेत?"

पुतण्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. तो वडिलांकडे एकदा वळला आणि काकांच्या मागोमाग पायरी उतरून गेला. जोडा घालायचेही राहिले असते. वडिलांनी हाक मारून आठवण केली.

मी अजून रागातच होतो. "बरं झालं. असल्यांची कामं नकोत आपल्याला."

वडील आपला उजवा हात पाहत होते. तेवढा जवळचा त्यांना दिसत असे. "ते पाच दुसऱ्यांदा होते," ते म्हणाले. "एकदा पाच दाबून झाले होते. मी हो म्हटलं नव्हतं, म्हणून पुन्हा पाच. मी आता त्याचा हात दाबणार होतो."

पंधरा उघड, दहा झाकून. पंचवीस. माझ्या बापाचा पुरा भाव. एका पैचा फरक नाही. त्या तरुण माणसाला चांगली पाटी हवी होती, काकांना पंधरा हवे होते, आणि दोघांचे समाधान करणारी एकच जागा मुंबई शहरात होती, त्या हातभर रुमालाखाली. आणि मी ती ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी मी लालबागेस गेलो. भायखळ्यापर्यंत ट्राम, पुढे पायी. वाटेभर वाक्ये जुळवली होती. दुकानात पोती उतरत होती. पुतण्याने मला पाहून मान फिरवली. गादीवर काका होते.

"शेठ, चूक माझी. पाटी पंधरात करतो. सागवानाची."

त्यांनी मला खालून वर पाहिले. "काल पंचवीसचं काम, आज पंधरात?"

"दहात करतो."

"मग काल पंचवीस कशाचे मागत होतात?"

मी म्हणालो, "फुकट करतो. लाकूडही माझं." आणि मग, जे सांगायचे नाही असे वाटेत ठरवले होते ते सांगून टाकले, की वडिलांचे डोळे जात आहेत, आणि अशी एक पाटी लिहावी एवढेच त्यांच्या मनात आहे.

काका हसले नाहीत. त्यांना ते खोटे वाटले असते तर बरे, पण त्यांनी ते खरे धरले. "म्हणजे डोळे गेलेल्याकडून मी पंधरा देऊन लिहून घेणार होतो," ते म्हणाले. "काल ते का नाही सांगितलंत? उघडं बोलणारे तुम्ही!" पाटी त्यांनी सकाळीच दुसऱ्याला दिली होती. नऊ रुपये.

माझ्यासारख्याचे एक आहे. आम्ही चुकलो तरी आमचे मत चुकलेले नसते. रुमालाखालच्या भावाबद्दल मी जे छापले त्यातला एक शब्द मी आजही मागे घेत नाही. त्या रीतीने गरिबाचा माल लुटला जातो हे सत्य आहे. पण ते पत्रक मी वाटले नाही. गठ्ठा माळ्यावर पडून आहे, त्याला वाळवी लागली असेल.

वडील मला एकदाही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी वाद घातला असता, आणि वादात मला कोणी हरवत नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. एक शिंपी आला, दोन वकील आले, एका बाईला सुईणीची पाटी हवी होती. सगळी बारीक कामे. ती मी लिहिली. ते मागे भिंतीशी बसून सफेता, म्हणजे पांढरा रंग, दगडाने घोटून देत, आणि पायरीवर छत्री मिटल्याचा आवाज झाला की घोटायचे थांबत. तो थांबलेला दगड मला अजून ऐकू येतो. मग गिऱ्हाईक बोलू लागे, आणि दगड पुन्हा फिरू लागे.

भाद्रपदात आगबोटी सुरू झाल्या. आत्याचा निरोप आला, दादाला पाठवून दे. वडील तयार झाले. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, "लालबागेस जाऊन येऊ."

"कशाला?"

"पाटी बघायला."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. चिंचपोकळीवरून चालताना त्यांनी एकदाच विचारले की धुराचा वास कोणत्या बाजूने येतो. लोहाराच्या दुकानाशी मी त्यांना उभे केले. तेच म्हणाले होते, तिथून बघायचे.

"वाच."

मी वाचले. "येथे उत्तम तांदूळ व शुद्ध तूप मिळेल."

"अक्षर केवढं?"

"वीतभर."

"बारा हातांत वीतभर?" त्यांनी भुवया चढवल्या. "मग बाकीच्या लाकडाचं काय केलं?"

"निळं फासलंय. लाल अक्षर पावसात उतरलंय, तुपावर ओघळ आलेत."

"सावली?"

"नाही."

मी सगळे खरे सांगत होतो. तसे सांगताना मला थोडे बरेही वाटत होते, ते मी इथे कबूल करतो. मला वाटले, त्यांनाही वाटेल. पण ते म्हणाले, "नऊ रुपयांत त्या बिचाऱ्याने दुसरं काय करावं?" आणि रस्ता ओलांडू लागले. मला त्यांच्यामागे धावावे लागले, एक खटारा जेमतेम थांबला.

पुतण्या दारात होता. त्याने वडिलांना ओळखले, आणि ते नजर कुठे लावून आहेत ते पाहून त्याला सगळे कळले. पागोट्याकडे गेलेला त्याचा हात तसाच राहिला.

वडील म्हणाले, "शेठ, शिडी आहे?"

"आहे. पोती रचायची."

"जरा लावता?"

माझ्या तोंडून "बाबा!" निघाले, पण शिडी आली होती. एका बाजूने मी धरली. दुसऱ्या बाजूने पुतण्याने स्वतः धरली. वडील चढले, प्रत्येक पायरी पायाने आधी चाचपून. एक पाळी सुटली होती. गिरणीचे लोक थांबू लागले.

"आजोबा, तूप खाली मिळतं! वर नुसतं लिहिलंय!"

"अरे, भाव वाचायला गेले असतील. खाली महाग सांगतात."

हशा झाला. वडीलही वर हसले. त्यांनी तळवा फळीवर टेकला आणि पहिल्या अक्षरावरून बोट फिरवले, मग दुसऱ्या. "घाई केलीय," ते म्हणाले. "पण हात चांगला आहे. तरुण आहे का?"

"हो," पुतण्या म्हणाला.

"शिकेल. ऊन कुठून येतं इथं?"

"दुपारी त्या बाजूने," मी म्हटले. "डावीकडून."

"मग सावली उजवीकडे." आणि त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे जोडून पहिल्या अक्षराच्या उजव्या अंगाने एक जाड रेघ ओढली, वरून खाली, वळणाशी निमुळती करत. बोटांना रंग नव्हता. फळीवर काही उमटले नाही. त्यांनी दुसऱ्या अक्षराला ओढली. तिसऱ्यापर्यंत हात पुरेना.

"सरकव," ते म्हणाले.

मी पुतण्याकडे पाहिले. आम्ही दोघांनी, ते वर असतानाच, शिडी उचलून हातभर सरकवली. लोकांतला एक पुढे येऊन मधोमध धरून उभा राहिला. आता कोणी हसत नव्हते. वडिलांची मान एका बाजूला कलली होती, काम करताना कलत असे तशी. 'तांदूळ'पाशी ते थांबले, मागे रेलून पाहिल्यासारखे केले, आणि एक रेघ पुन्हा ओढून नीट केली.

गादीवरून काकांनी विचारले, "याचे काही द्यावे लागणार काय?"

वरून पुन्हा "सरकव" आले, आणि आम्ही शिडी उचलली.